इंदूरहून प्लूटो पकडायचाय? मग दोन रात्री मोकळ्या ठेवा

आधीच एक गोष्ट क्लिअर करून टाकतो, म्हणजे नंतर कुणी चिडायला नको. प्लूटो "दिसला" म्हणजे फोटोत एक ठिपका दिसला, बस. न्यू होरायझन्स यान १४ जुलै २०१५ ला त्याच्या जवळून गेलं तेव्हाचे ते फोटो, पांढरा बदाम वगैरे (त्या बदामाचा डावा भाग म्हणजे स्पुटनिक प्लॅनिशिया, नायट्रोजनच्या बर्फाचं मैदान), ते सगळं डोक्यातून काढून टाका. व्यास फक्त २,३७७ किलोमीटर, म्हणजे आपल्या चंद्राहून लहान, आणि अंतर इतकं की तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत यायला पाचेक तास लागतात. प्रत (चमक मोजायचा आकडा, जितका मोठा तितका ठिपका मंद) सध्या साधारण १४.५. नुसत्या डोळ्यांना दिसणारा शेवटचा फिकट तारा सहाव्या प्रतीचा धरला तर प्लूटो त्याच्याही अडीच हजार पट मंद आहे.

मग त्याच्या आजूबाजूला तसलेच शेकडो ठिपके असताना हाच प्लूटो हे कसं कळणार? एकाच गोष्टीने. तो हलतो, बाकीचे हलत नाहीत. म्हणून एका रात्रीचा फोटो, कितीही सुंदर आला तरी, आपल्या कामाचा निम्माच. दुसऱ्या रात्री तोच तुकडा परत काढला आणि एक ठिपका सरकलेला सापडला की झालं. १९३० साली क्लाइड टॉम्बॉने हेच केलं होतं, कॅन्ससच्या शेतकऱ्याचा पोरगा, वय अवघं चोवीस. ॲरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेत २३ आणि २९ जानेवारीला घेतलेल्या दोन काचा (तेव्हा फोटो काचेवर निघायचे) तो यंत्रावर आलटून पालटून बघत होता आणि १८ फेब्रुवारीला त्याला उडी मारणारा ठिपका दिसला. आपण काचेऐवजी लॅपटॉप घेणार, आणि आपल्याला निदान कुठे बघायचं ते तरी माहीत आहे, त्याला तेही नीटसं माहीत नव्हतं.

"पण तो तर आता ग्रह नाही ना?" हा प्रश्न दर वेळी येतो. हो, २४ ऑगस्ट २००६ पासून बटुग्रह, लघुग्रहांच्या यादीतला नंबर १३४३४०. फोटो काढायला त्याने काहीही फरक पडत नाही.

तारीख: अर्धी लढाई इथेच

इथे इंदूरवाल्यांचं नशीब जरा खोटं आहे. प्लूटो सूर्याच्या बरोबर समोर येतो, म्हणजे रात्रभर वर असतो आणि सगळ्यात तेजस्वी असतो, तो जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. जुलैचा शेवट म्हणजे माळव्यात काय असतं ते सांगायला नको. इंटरनेटवरचे सगळे परदेशी लेख "जुलै-ऑगस्ट बेस्ट" असं म्हणतात, ते वाचून छत्री घेऊन गच्चीवर उभं राहू नका.

आपल्याला दोन खिडक्या उरतात. एक एप्रिल-मे मधली पहाटेची, धूळ आणि चार वाजता उठायची तयारी असेल तर. दुसरी पाऊस गेल्यानंतरची, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या अखेरपर्यंत, संध्याकाळी सात ते साडेआठ. नवीन माणसाने ही दुसरीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. पावसाने हवा धुतलेली असते, थंडी अजून बोचरी नसते, आणि साडेनऊला आवरून घरी परत येता येतं. डिसेंबरच्या मध्यानंतर मात्र विसरा, जानेवारीत तो सूर्याच्या मागे जातो.

आता या खिडकीतली खरी मेख. पृथ्वी स्वतः सूर्याभोवती फिरत असल्यामुळे प्लूटो आकाशात कधी उलटा कधी सुलटा सरकताना दिसतो, आणि वळायच्या वेळी जवळजवळ थांबतो. तो थांबण्याचा काळ नेमका ऑक्टोबरच्या मध्याला येतो! म्हणजे आकाश उघडलं, आपण उत्साहात लागोपाठ दोन रात्री फोटो काढले, आणि पठ्ठ्या हललाच नाही. चंद्राची रुंदी आकाशात साधारण ३० कला असते (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), त्या मापाने बोलायचं तर ऑक्टोबरच्या वीस तारखेला प्लूटो दिवसाला कलेचा पाचवा हिस्सा सरकतो, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ध्या कलेहून जास्त, आणि २०-२५ नोव्हेंबरला एक कलेच्या वर. पण तोवर तो पश्चिमेकडे झुकलेला असतो, काळोख पडताना ३३-३४ अंशांवरच, आणि तासाभरात २४ वर येतो. ऑक्टोबरच्या २० ला हाच प्लूटो अंधार पडताना ४४ अंशांवर असतो. उंची हवी तर चाल नाही, चाल हवी तर उंची नाही. माझा तोडगा असा की ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ धरायचा आणि दोन रात्रींत पाच-सात दिवसांचं अंतर ठेवायचं.

चंद्राचं गणित कॅलेंडरवरच आहे, ॲप कशाला पाहिजे. संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता ते घरात कुणाला ना कुणाला पाठ असतंच, तर संकष्टीच्या दुसऱ्या दिवसापासून आपली संध्याकाळ मोकळी होते, चंद्र उगवायच्या आत काम उरकतं. तिथून अमावास्येपर्यंत उत्तम. भाऊबीजेनंतर चंद्रकोर संध्याकाळच्या आकाशात वर वर चढायला लागते आणि सप्तमी-अष्टमीच्या सुमारास प्लूटोच्याच शेजारी येऊन बसते, तेव्हा तो आठवडा सोडून द्या. अमावास्या म्हणून कुणी लक्ष्मीपूजनाच्या रात्री कॅमेरा लावणार असेल तर त्याला माझा नमस्कार, त्या धुरात श्रवणाचा तारा दिसला तरी खूप. म्हणजे दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरात असेल तर पहिली रात्र आश्विन वद्य पंचमीच्या आसपास, दुसरी वसुबारसेच्या आदल्या दिवशी, असं बसवलं की सगळं जुळतं. ते हुकलं तर कार्तिक वद्य पक्ष आहेच, तेव्हा चाल जास्त असल्याने तीन-चार दिवसांचं अंतरही पुरतं, फक्त सात वाजता तयार पाहिजे.

जागा: उज्जैन रोडला जाऊ नका

आपल्याकडे आकाश बघायचं म्हटलं की लोकांची गाडी आपोआप उज्जैनकडे वळते, जंतरमंतर तिकडे, डोंगळ्याची वेधशाळा तिकडे, कर्कवृत्तही तिकडूनच जातं. पण प्लूटो दक्षिणेच्या आकाशात असतो, नंतर नैर्ऋत्येला. तुम्ही उत्तरेला गेलात तर इंदूरचा सगळा उजेडाचा ढीग बरोबर तुमच्या दक्षिणेला, प्लूटोच्या खाली येतो. म्हणून शहराच्या दक्षिणेला जायचं, म्हणजे शहर पाठीशी. चोरलची बाजू, महूच्या पुढे जानापाव, वेळ असेल तर थेट महेश्वरकडे. पीथमपूरच्या अलीकडे थांबू नका, ती फॅक्टऱ्यांची लायटिंग नैर्ऋत्येलाच येते.

जागा दिवसा एकदा बघून या. दोन गोष्टी बघायच्या: दक्षिण ते नैर्ऋत्य क्षितिज मोकळं आहे का, आणि उत्तरेला ध्रुव दिसतो का. दुसरी गोष्ट लोक विसरतात. आपल्याकडे ध्रुव फक्त पावणेतेवीस अंश वर असतो, समोर टेकडी किंवा मोठं झाड आलं की गायब, आणि ट्रॅकर (कॅमेरा ताऱ्यांबरोबर फिरवणारं यंत्र) जुळवायला तोच लागतो. घाटाच्या दक्षिण उतारावर गाडी लावली तर नेमकं हेच होतं.

एकटं जाऊ नका. जंगल आहे, जनावरं आहेत, आणि रात्री मोकळ्या माळावर तिपाई लावून बसलेला माणूस दिसला की गावकऱ्यांना शंका येणारच. गावात आधी कुणाला तरी सांगून ठेवा, दोन-चार पोरांना चंद्र नाही तर शनी दाखवायचं कबूल करा, मग तेच तुमच्यासाठी चौकीदारी करतात.

सामान

डोळ्याने बघायचा असेल तर बारा इंची डॉब्सोनियन दुर्बीण आणि खरोखरचा अंधार पाहिजे, आणि तेवढं असूनही अनुभवी डोळ्यालाच जेमतेम जाणवतो. ते नंतर कधी तरी. आत्ता फोटोच.

स्वस्तातला रस्ता म्हणजे साधा डीएसएलआर, २०० एमएमची लेन्स (एफ २.८ किंवा ४), आणि ताऱ्यांबरोबर फिरणारा छोटा ट्रॅकर. ट्रॅकर शक्यतो उसना घ्या, ओळखीत कुणाकडे तरी पडलेला असतोच. छोटी दुर्बीण आणि मोटरवाला माउंट असेल तर आणखीच बरं. सीस्टार एस५० सारखा स्मार्ट टेलिस्कोप असेल तर निम्मी झंझट संपते, नाव टाकलं की तो स्वतः तिकडे वळतो आणि फोटो चढवत बसतो, त्याने गच्चीवरूनही जमू शकतं, फक्त दक्षिणेला हॅलोजन नको आणि वेळ दुप्पट द्यायचा. नुसत्या मोबाइलने होणार नाही.

बाकी सामान: रिमोट शटर, दोन बॅटऱ्या, लाल उजेडाचा टॉर्च, स्वेटर, आणि लेन्सला गुंडाळायला काही तरी गरम. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, ऐकायला छान आहे, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरला त्या रात्री दव इतकं पडतं की तासाभरात काच पांढरी होते. दव-हीटर नसेल तर हात गरम करायच्या पुड्या मिळतात त्या लेन्सच्या कडेला रबरबँडने बांधा. काच कपड्याने पुसू नका, पुसली की फोकस हलतो.

जायच्या आधी घरी

लॅपटॉपवर स्टेलॅरियम टाका, आकाशाचा नकाशा दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे. मोबाइलवालं नको, डेस्कटॉपवालं, आणि त्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ताऱ्यांच्या जास्तीच्या याद्या डाऊनलोड करा, नाही तर १४ व्या प्रतीपर्यंतचे तारे त्यात दिसणारच नाहीत आणि प्लूटो रिकाम्या जागेत लटकलेला दिसेल. जागा इंदूर, तारीख आणि वेळ ठरल्याप्रमाणे, आणि मग झूम करत जा.

सध्या तो मकर राशीत आहे. बरीच वर्षं धनू राशीत, आकाशगंगेच्या गर्दीत होता, तेव्हा शोधणं म्हणजे डोकेदुखी होती, आता जरा मोकळ्यावर आलाय. आकाशात पोचायचा रस्ता असा: वर श्रवणाचा ठळक तारा, तिथून खाली दक्षिणेला येत मकरेच्या शिंगातला जोडतारा (नीट बघितलं तर नुसत्या डोळ्यांनाही दोन वेगळे दिसतात), आणि तिथून हात लांब करून धरलेली एक मूठभर अंतर आणखी खाली. दर वर्षी तो साधारण दोन अंश पूर्वेला जातो, त्यामुळे पुढच्या वर्षी वाचत असाल तर जागा परत तपासा.

आता महत्त्वाचं काम. दोन्ही रात्रींसाठी दोन स्क्रीनशॉट घ्या, एक मोठ्या भागाचा आणि एक अगदी जवळचा, अर्ध्या अंशाचा. जवळच्या स्क्रीनशॉटमध्ये प्लूटोभोवतीचे तारे बघून एखादा आकार मनात पक्का करा, त्रिकोण, वाकडी रांग, पतंग, जे सुचेल ते. आणि त्याच्या अगदी चिकटून त्याच्याच प्रतीचा तारा तर नाही ना ते बघा, असला तर एक दिवस पुढे ढकला.

पहिली रात्र

उजेड असतानाच पोचा. तिपाई सपाट, ट्रॅकर ध्रुवाशी जुळवा, आणि फोकस श्रवणावर. लाइव्ह व्ह्यू दहा पट मोठा करून तारा लहानात लहान होईपर्यंत रिंग फिरवायची, मग रिंगला चिकटपट्टी. फोकस इतका महत्त्वाचा का, तर मंद तारा थोडा जरी पसरला तरी पार्श्वभूमीच्या उजेडात विरघळून जातो. ठळक तारे फोकस नसला तरी दिसतात, त्यामुळे स्क्रीनवर सगळं छान वाटतं आणि नेमका आपला गिऱ्हाईक गायब.

कॅमेरा रॉ मोडवर, आयएसओ १६००, ३० सेकंद, ऑटो व्हाइट बॅलन्स वगैरेची चिंता नको. एक टेस्ट फोटो काढा, मोठा करून स्क्रीनशॉटशी जुळवा, आणि प्लूटोची जागा साधारण मध्यात आली की रिमोटला साठ फोटोंचं काम लावून द्या. म्हणजे अर्धा तास. दर पंधरा-वीस फोटोंनंतर फ्रेम जराशी, अगदी चिमूटभर, सरकवा, त्याने सेन्सरचे खराब पिक्सेल एकाच जागी साचत नाहीत. शेवटी लेन्सला टोपण लावून त्याच सेटिंगवर वीसेक काळे फोटो, त्यांचा उपयोग स्टॅकिंगमध्ये, म्हणजे फोटो एकावर एक रचताना, होतो. अर्ध्या तासात काय करायचं? सेव-परमल बरोबर न्या. आणि गाडीचं दार उघडू नका, आतला दिवा लागतो.

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर प्लूटो शोधू नका. एकेका फोटोत तो बहुतेक नसतोच, असला तरी धुळीसारखा.

दुसरी रात्र

सगळं तसंच, तीच लेन्स, तेच सेटिंग, शक्यतो तीच जागा आणि तीच वेळ. लोक इथे हुशारी करतात, "आज जरा जास्त झूम करू", मग दोन फोटो जुळवताना रडतात. आणि ढग आले तर परत या, कार्तिकाला वेळ आहे.

लॅपटॉपवर

फोटो रचायला डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल हे सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट. साठ फोटो आणि काळे फोटो टाकले की तो सगळे एकावर एक रचून एक स्वच्छ फोटो देतो. इथे एक सूचना ठळक अक्षरात समजा: दोन्ही रात्रींचे फोटो वेगवेगळे रचायचे. सगळे एकशेवीस एकदम टाकले तर सॉफ्टवेअर म्हणतं, हा ठिपका निम्म्या फोटोंत इथे आहे आणि निम्म्यांत नाही, म्हणजे कचरा असेल, आणि फिका करतं नाही तर उडवूनच टाकतं. आपल्याला हवा असलेला एकच ठिपका तेवढा साफ करून देतं.

दोन फोटो तयार झाले की दुसरा पहिल्याशी जुळवा (सिरिलमध्ये रजिस्ट्रेशन आहे, तेच), आणि दोन्ही गिंपमध्ये (फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) एकावर एक लेयर म्हणून उघडा. स्क्रीनशॉटमधला तुमचा तो पतंग शोधा, तिथे दोनशे टक्के झूम. आता वरच्या लेयरच्या शेजारी डोळ्याचं चिन्ह असतं त्यावर क्लिक करा, परत क्लिक, परत क्लिक. सुरुवातीला सगळंच थरथरल्यासारखं वाटेल, कारण दोन रात्रींची हवा वेगळी, तारे थोडे जाडे-बारीक होतात. नजर एका ताऱ्यावर खिळवू नका, मधे कुठे तरी ठेवा. पाच-सात क्लिकनंतर एक ठिपका बाकीच्यांसारखा फुगत-आकसत नाही, तो इकडे विझतो आणि तिकडे पेटतो. २०० एमएमच्या लेन्सवर आजकालच्या चोवीस मेगापिक्सेल कॅमेऱ्याला एक कला म्हणजे साधारण पंधरा पिक्सेल, म्हणजे दिवाळीच्या आधीच्या सहा-सात दिवसांत तीसेक ते पन्नास पिक्सेलची उडी, ती डोळ्यातून सुटत नाही.

तोच आहे का?

आनंदात लगेच स्टेटस टाकू नका, आधी खात्री करा.

एक, प्रत्येक रात्रीच्या साठ फोटोंचे तीस-तीस असे दोन भाग करून वेगळे रचा. ठिपका दोन्ही भागांत त्याच जागी आला तर तो आकाशातला आहे. एकाच भागात आला तर सेन्सरचा किंवा सॅटेलाइटचा कारभार.

दोन, लघुग्रह तर नाही ना. मकर ही राशीच असल्यामुळे त्या पट्ट्यात १४-१५ प्रतीचे लघुग्रह येत-जात असतात. पण या दिवसांत ते बहुतेक दिवसाला चंद्राच्या निम्म्या रुंदीएवढे पळतात, आठवड्यात तुमच्या झूम केलेल्या तुकड्यातून केव्हाच बाहेर. जो सावकाश, कलाकलाने सरकतो तो लांबचा. टॉम्बॉनेही चालीवरूनच ओळखलं होतं की ही वस्तू नेपच्यूनच्या पलीकडची आहे.

तीन, नोव्हा ॲस्ट्रोमेट्री डॉट नेटवर फोटो अपलोड करा, तो फोटोतल्या ताऱ्यांवरून नेमकी जागा काढून देतो. मग नासाच्या जेपीएल होरायझन्सवर त्याच तारखेची आणि वेळेची प्लूटोची जागा बघा, वेळ टाकताना आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करायला विसरू नका. दोन्ही जुळलं की विषय संपला.

आता टाका स्टेटस. पण दोन्ही फोटो आलटून पालटून दिसतील असं जिफ बनवून टाका, नाही तर "भिया, यात काय आहे?" एवढंच उत्तर येणार आणि त्यांचं चूकही नाही.

यानंतर काय असं विचारलंत तर एरिस, माकेमाके वगैरे लांबच्या बटुग्रहांच्या मागे लगेच लागू नका, माकेमाके १७ च्या आसपास आणि एरिस त्याहूनही मंद, या सामानात येत नाहीत. त्यापेक्षा ट्रायटन बघा. नेपच्यूनचा चंद्र, प्रत साधारण १३.५, म्हणजे प्लूटोहून ठळक, आणि तोही मुळात प्लूटोच्या भावकीतलाच बर्फाळ गोळा असावा, नेपच्यूनने पकडून ठेवलेला, असं शास्त्रज्ञ मानतात, कारण तो उलटा फिरतो. नोव्हेंबरच्या संध्याकाळी नेपच्यून मीन राशीत चांगला वर असतो. अडचण एवढीच की ट्रायटन त्याला चिकटून असतो, २०० एमएमवर नेपच्यूनच्या उजेडातच बुडून जाईल, तेव्हा त्यासाठी निदान एक मीटर फोकल लेंग्थची दुर्बीण आणि पाच-दहा सेकंदांचे छोटे फोटो लागतील.